वापरलेलं नाव

११ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

पत्र उघडलंस, हेच खूप झालं. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू ते आधी टेबलाच्या कडेला सरकवलं असशील आणि मग त्याच्याकडे न बघता वावरला असशील, हे मला इथे बसून दिसतं. घाबरू नकोस. बाबांची तब्येत आहे तशीच आहे आणि मी त्यांची वकिली करायला बसलेली नाही. मला एक बातमी सांगायची आहे. ती सांगावी असं माणूस माझ्याकडे तुझ्याशिवाय नाही, हे माझं दुर्दैव.

मला एक नवी जात मिळाली आहे. म्हणजे आजवर कुणीच नाव न दिलेला प्राणी. आमच्या संग्रहालयाच्या जहाजाने बर्फाच्या कडेच्या समुद्रातून, खूप खोलातून, चिखल उपसून आणला. तो चाळता चाळता हे निघाले. अंगठ्याच्या नखाएवढे, चपटे, पायांच्या सात जोड्या, पाठीवर दोन ओळींत उंचवटे. खेकडा-कोळंबीचे लांबचे भाऊबंद. तू लगेच झुरळ म्हणशील. म्हण.

काम कसं चालतं ते तुला माहीत आहे, लहानपणी बाबांच्या खोलीत आपण दोघांनी बोलणी खाल्ली आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली प्राणी ठेवायचा आणि केसाएवढ्या सुईने तोंडाचे भाग एकेक करून सोडवायचे, काचेवर मांडायचे, चित्र काढायचं. एका तोंडाला सबंध सकाळ लागते. शिंक आली तर दिवस गेला. माझ्या हाताला स्पिरिटचा वास कायमचा लागला आहे, दुकानदार सुटे पैसे देताना नाक फेंदारतो. पण मी खूश आहे. इतकी वर्षं इतरांच्या जाती तपासत आले. ही माझी.

आता जे लिहायचं टाळत होते ते. आमच्यात प्राण्याचं आडनाव आधी लिहितात आणि नाव मागून. जवळच्या सगळ्या जातींचं आडनाव एकच असतं, नाव प्रत्येकीचं वेगळं. माझ्या प्राण्याचं आडनाव तेच आहे जे आईच्या नावाच्या प्राण्याचं आहे. तेव्हा नवी जात म्हणून मांडायची, तर ती बाबांच्या त्या जातीहून वेगळी कशी, हे दाखवावं लागेल. त्यांची बाटली कपाटातून काढावी लागेल.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही. पण मला ते एकदा लिहून काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आई आजारी होती, मी दूर शिकायला होते, बाबा जहाजावर होते आणि घरात तू एकटा होतास. एकोणीस वर्षांचा. बाबा परतले तेव्हा सगळं आवरून झालं होतं. त्याच सफरीत सापडलेल्या एका प्राण्याला त्यांनी आईचं नाव दिलं, संग्रहालयाच्या सभेत ते जाहीर केलं आणि तू मागच्या रांगेतून उठून म्हणालास, "घरी यायला जमलं नाही, म्हणून झुरळाला नाव दिलं का?" त्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांशी बोललेला नाहीत.

बाबा अजून रोज माझ्याबरोबर संग्रहालयात येतात. नजरेच्या मधोमध त्यांना काळं दिसतं, कडेने थोडं दिसतं. त्यामुळे समोरच्याशी बोलताना ते त्याच्या कानाकडे बघतात. नवीन माणसाला वाटतं, आपल्या कानाला काही लागलंय.

उत्तर लिहिलंस तर बरं, नाही लिहिलंस तर सवय आहे.

तुझी ताई


२ मार्च

धाकट्या,

हे पत्र बाबांपासून लपवून लिहिते आहे. टेबलापलीकडे ते रेडिओला कान लावून बसले आहेत. मी ऑफिसचं काही लिहिते आहे असं त्यांना वाटतं.

बाटली काढली. ज्या एका प्राण्यावरून जात ठरते तो मूळ नमुना म्हणून जपून ठेवतात आणि बाबांकडे तर तेवढा एकच होता. दुसरा कधी कुणाला सापडलाच नाही. आत त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी, शिसपेन्सिलीची, आईचं नाव आणि त्याला लावलेलं लॅटिन शेपूट. मी चिठ्ठी बाजूला केली आणि प्राणी बशीत घेतला.

बाबांची जात उभी आहे ती तोंडावर. बाकी अंग त्या घराण्यातल्या सगळ्यांत सर्वसाधारण जातीसारखंच. तिला शंभर वर्षांपूर्वीच नाव मिळालेलं आहे. फरक एकच. बाबांच्या प्राण्याच्या तोंडाचा एक भाग रुंद आहे आणि त्याला कडेने केसांची झालर आहे. अशी झालर कुणाला नाही, म्हणून ही जात नवी, असं त्यांनी लिहिलं होतं. मी त्या झालरीकडे बघत राहिले, कारण ती मी आदल्याच आठवड्यात पाहिली होती.

जहाजाने त्याच चिखलातून ती सर्वसाधारण जातही ढिगाने आणली आहे. त्यात पोटाशी पिल्लं असलेल्या माद्या आहेत. यांच्या पोटाखाली पातळ पानांची पिशवी होते, तिच्यात आधी अंडी आणि मग पिल्लं वाढतात. तेवढा काळ मादी काही खात नाही. तिचं तोंड खाण्याचं उरतच नाही, रुंद होतं, त्याला झालर येते आणि त्या झालरीने ती पिल्लांवर ताजं पाणी खेळवत राहते. पिल्लं गेली आणि तिने कात टाकली, की तोंड पुन्हा पहिल्यासारखं.

मी बाबांचा प्राणी उलटा केला. पायांच्या बुडाशी सुई फिरवली. पिशवीची पानं जाळ्यात फाटून गेली होती, पण त्यांची मुळं जागच्या जागी होती.

कळलं का तुला? ती वेगळी जात नाही. ती जुन्याच जातीची एक आई आहे. बाबांनी आई झालेली मादी पाहिली, ती त्यांना ओळखता आली नाही आणि त्यांनी तिला तुझ्या-माझ्या आईचं नाव दिलं.

मी हसले. एकटीच, मोठ्याने, इतकी की शेजारच्या खोलीतून आमच्या प्रमुख बाई डोकावल्या. मग बेसिनपाशी गेले आणि तोंडावर पाणी मारलं. मला बाबांचा राग आला, त्यांची कीव आली आणि कशाचं आधी काय करावं ते कळेना.

आता नियमाने काय होणार ते सांगते. जात एकच ठरली की जुनं नाव राहतं आणि नंतरचं जातं. आईचं नाव खोडलं जाईल. ते खोडणारा लेख मलाच लिहावा लागेल. तुला हवं होतं तसं होतंय, हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. थोडा टोमणा आहे.

पण मी एक उपाय काढला आहे. माझा प्राणी खराखुरा नवा आहे, त्यात कुणी खोट काढू शकत नाही. आईचं नाव त्याला देते. एका ओळीत चुकीच्या प्राण्यावरून काढायचं आणि पुढच्या ओळीत बरोबर प्राण्याला द्यायचं. बाबांनाही मग सांगता येईल. तुझी हरकत आहे का? या वेळी विचारते आहे. मागच्या वेळी तुला कुणी विचारलं नव्हतं.

ताई


१९ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. हरकत आहे की नाही, हा प्रश्नच आता उरलेला नाही. ऐक.

आमच्या प्रमुख बाईंना आम्ही मागे चिमटा म्हणतो. त्या कायम हातात चिमटा घेऊन फिरतात आणि बोलतानाही काढतात. त्यांच्यापुढे मी सगळं मांडलं. त्यांनी दोन्ही प्राणी स्वतः पाहिले, मान डोलावली, म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. वाईट वाटतं, पण बरोबर आहे." मग मी आईच्या नावाचं बोलले.

"आडनाव तेच ना?" त्यांनी विचारलं.

"तेच."

"मग नाही देता येणार. त्या घराण्यात ते नाव वापरलेलं आहे."

"पण बाई, ती जातच उरणार नाही."

"जात उरत नाही. नाव वापरलं ते वापरलं. चुकीच्या प्राण्याला दिलं म्हणून ते परत मिळत नाही."

मला हा नियम माहीत होता, धाकट्या. मी तो नव्यांना शिकवते. एका आडनावाखाली एक नाव एकदाच, कायमचं. दोन प्राण्यांत घोळ होऊ नये म्हणून. नियम चांगला आहे. आपल्या आईवर येईल असं कधी डोक्यात आलं नाही, एवढंच. बाबांनी घाईने दिलं आणि आता खऱ्या प्राण्याला द्यायला ते शिल्लक नाही.

मी बाईंना विचारलं, न लिहिलं तर? माझी नवी जात पाठ आणि पाय यांवरूनही वेगळी दाखवता येते. तोंडाबद्दल मूग गिळून बसले तर कुणाच्या लक्षात येणार? त्या खोलातून पुन्हा कधी कोण काय आणतंय. बाबांचं वय बघा, त्यांचे डोळे बघा. त्यांना कळण्याआधी...

"वाक्य पूर्ण कर," बाई म्हणाल्या.

मी बाबांचा प्राणी बशीतून उचलून परत बाटलीत घातला.

"तुझा लेख आहे, तू ठरव. मी कुणाला सांगायला जाणार नाही. फक्त माझे आभार मानू नकोस त्यात." आणि गेल्या.

तेव्हा मी लेख दोनदा लिहिला आहे. एकात सगळं आहे. दुसऱ्यात माझी नवी जात आहे आणि बाबांच्या प्राण्याच्या तोंडाबद्दल अवाक्षर नाही. बाबा पलीकडे बसून विचारतात, "कुठवर आलं?" आणि मी म्हणते, "चित्रं राहिलीत." चित्रं केव्हाच झाली आहेत.

आईवर तुझा माझ्याइतकाच हक्क आहे. खरं म्हणजे जास्त. शेवटी तिच्याजवळ तू होतास. कुठला लेख पाठवू ते सांग. तुला वाटेल, ही आपलं ओझं माझ्या गळ्यात घालते आहे. हो, घालते आहे.

ताई


८ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र आलं. पाच-सहा ओळी असतील, पण मी बसस्टॉपवर उभी राहून वाचलं आणि दोन बस सोडल्या.

मला वाटलं होतं तू लिहिशील, "खोडून टाक, बरं झालं." शिव्याही असतील अशी तयारी होती. आणि तू लिहितोस, "राहू दे ना. कुणाचं काय बिघडतं?" पुढे तू लिहितोस, की तुझ्या मुलीने वर्गात सांगितलंय, माझ्या आजीच्या नावाचा प्राणी समुद्रात राहतो. जगातल्या प्राण्यांच्या यादीत तिने तो शोधून काढला, शाळेतल्या बाईंना दाखवला, आता सगळी मुलं तिला त्याच नावाने हाक मारतात आणि तिला ते आवडतं.

तिला कुणी सांगितलं रे? माझी आणि तिची भेट नाही. बाबांचा तर प्रश्नच नाही. म्हणजे तूच सांगितलंस. कधीतरी तिला झोपवताना किंवा शाळेत सोडताना तू तिला आजीच्या प्राण्याची गोष्ट सांगितलीस आणि त्या गोष्टीत झुरळ हा शब्द नव्हता. इतकी वर्षं मला हे कळू दिलं नाहीस. मी बसस्टॉपवर रडले, एका बाईंनी मला पाण्याची बाटली पुढे केली.

मग चिडलेही. तू राग केलास तर सगळ्यांना दिसेल असा केलास आणि माया केलीस ती मात्र चोरून. अगदी बाबांसारखा आहेस. हे तुला आवडणार नाही, म्हणूनच लिहिते आहे.

ठीक आहे. तुझ्या मुलीसाठी तुझं ऐकते. तोंड वगळलेला लेख सोमवारी पाठवते. ज्या कामात आयुष्य गेलं त्यात पहिल्यांदा खोटं वागणार आहे आणि ते माझ्या स्वतःच्या पहिल्या जातीच्या लेखात. मनाला लागून राहिलं आहे, पण ठरलं आहे.

ताई


२१ एप्रिल

धाकट्या,

तुझं ऐकायचं ठरवलं होतं. जमलं नाही. आधी सगळं वाच, मग काय म्हणायचं ते म्हण.

घरून निघणारा प्रत्येक लेख बाबांना वाचून दाखवायचा, ही आमची जुनी पद्धत. हा टाळला असता तर त्यांना संशय आला असता. रविवारी चहाच्या वेळी स्वयंपाकघरात बसून वाचला. ते डोळे मिटून ऐकतात. संपलं तेव्हा म्हणाले, "तुलनेचा भाग परत वाच."

वाचला.

"माझ्या जातीशी पाठीची तुलना केलीस. पायांची केलीस. शेपटीचीसुद्धा केलीस. तोंडाची नाही."

"बाबा, चहा गार होतोय."

"होऊ दे. माझी जात तोंडावरच उभी आहे. शिकाऊ मुलगाही आधी तोंड बघेल. तुला दिसलं नाही असं होणार नाही. काय आहे त्या तोंडात?"

धाकट्या, त्या माणसाशी मी खोटं बोलू शकते. पण त्या प्राण्याबद्दल त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही. मी सांगितलं.

"पिल्लांची मादी?"

"हो."

"आणि पानं?"

"फाटून गेलीत. मुळं आहेत. मी स्वतः पाहिली."

"मी ती जाळ्याची ओरबाड समजलो. तसं लिहिलंय मी, पोटाला इजा झालेली." मग कितीतरी वेळ ते कपाच्या कानावरून बोट फिरवत राहिले. "पोटाशी पोरं असलेली बाई," ते म्हणाले, "आणि मला ती कळली नाही."

ते प्राण्याबद्दल बोलत होते की नाही, मी विचारलं नाही. मी म्हटलं, हे कुणाला कळायला नको, धाकटाही राहू दे म्हणतोय. तेव्हा त्यांनी एकदम तोंड वर केलं, माझ्या कानाकडे. "त्याने लिहिलं तसं?" मग मला तुझ्या मुलीचं सांगावं लागलं. शाळेतलं, यादीतलं, हाक मारण्याचं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग विचारलं, "कितवीत आहे ती?" आजोबांना नात कितवीत आहे ते माहीत नाही, हे ऐकून मला तुझा आणि त्यांचा, दोघांचाही राग आला.

मला वाटलं, नातीसाठी तरी ते गप्प बसतील. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार. संग्रहालयात थेट चिमटाबाईंच्या खोलीत गेले. बाई उभ्या राहिल्या, मी त्यांना कुणासाठी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"लेखावर माझंही नाव घाला," बाबा म्हणाले. "जात रद्द करायच्या परिच्छेदापुरतं. नाव मी दिलं, काढतोही मीच. पोरीवर ते यायला नको."

पहिला लेख पुन्हा काढला. त्यात मी लिहिलं होतं, "हा नमुना बहुधा जुन्याच जातीची मादी असावा." त्यांनी तिथे थांबवलं. "बहुधा काय? बघितलंस ना? मग तसं लिही." बहुधा काढला. सही करताना ओळ सापडावी म्हणून त्यांनी कागदावर माझं बोट ठेवायला लावलं आणि बोटाच्या कडेने सही केली.

लेख गेला. माझ्या प्राण्याला पाठीवरच्या उंचवट्यांवरून नाव दिलं आहे. बाबा म्हणाले, दिसतं ते नाव द्यावं, त्यात पुढे कुणाची फसगत होत नाही. चांगलं नाव आहे. मला त्याचा आनंद व्हायला हवा, पण अजून झालेला नाही.

तुझ्या मुलीचा विषय त्यांनी स्वतःच काढला, काल, संग्रहालयातून घरी चालत येताना. म्हणाले, "तिला मी सांगणार. चूक आजोबांची होती, आजीची नव्हती, हे तिला माझ्या तोंडून कळू दे." मग थोडं चालून थांबले. आधी मला वाटलं धाप लागली.

"माझ्याकडे तिचं एवढंच होतं," ते म्हणाले. "शेवटचे महिने मी नव्हतो. आलो तेव्हा घर झाडून-पुसून स्वच्छ होतं आणि पोरगा माझ्याशी बोलत नव्हता. मग मी कुणाला काही विचारलंच नाही. कुणी तिचा विषय काढला की मी त्या प्राण्याबद्दल सांगायचो. आता ते गेलं. आता मला तिच्याबद्दल काहीच सांगता येत नाही."

मी त्यांचा हात धरला. ते म्हणाले, "त्याला विचार, ती शेवटी काय बोलायची. माझ्याबद्दल नको. काय खायची, झोप लागायची का, खिडकी उघडी ठेवा म्हणायची की बंद. सांगेल का तो मला? फोनवर नको. फोनवर मी नुसतं हो-हो करतो."

मी म्हटलं, विचारते. बाबांसाठी विचारते आहे आणि माझ्यासाठीही, कारण मी शेवटच्या दिवशी पोचले तेव्हा ती बोलत नव्हती. त्या घरात तेव्हा फक्त तू होतास. जे काही आहे ते तुझ्याजवळच आहे आणि इतक्या वर्षांत आम्हा दोघांपैकी कुणी तुला ते विचारलं नाही.

मुलीला घेऊन ये. रागावून सांगितलंस तरी चालेल.

तुझी ताई